वाजवणारी बाहुली : इवल्या वाद्यांसह फोटो काढण्याची सविस्तर कृती

बाहुलीच्या हातात इवलंसं व्हायोलिन दिलं की निम्मं काम झालं, असं वाटतं. पण अशा बहुतेक फोटोंमधली बाहुली ते वाजवत नसते, नुसती धरून उभी असते. तारांवर फिरवायचा गज तारांपासून बोटभर लांब, हनुवटी अधांतरी, नजर थेट कॅमेऱ्यात. कॅमेरा कितीही भारी घेतला तरी ही उणीव झाकली जात नाही. वाद्य खरोखर कसं वाजवतात हे नीट बघितलं आणि बाहुलीचं अंग त्याप्रमाणे बसवलं, की साध्या मोबाइलवरचा फोटोही बोलू लागतो. म्हणून या लेखात कॅमेऱ्यापेक्षा हात, खांदे आणि मान यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी माप

बाहुली आणि वाद्य एकाच प्रमाणातलं हवं. बार्बीच्या उंचीच्या, म्हणजे साधारण २९ सेंटिमीटरच्या बाहुल्या १:६ या प्रमाणात धरल्या जातात. बाहुलीघरातल्या छोट्या बाहुल्या बहुधा १:१२ असतात. सांधे असलेल्या रेझिनच्या बाहुल्यांमध्ये ६० सेंटिमीटरच्या आसपासची १:३ आणि ४० ते ४५ सेंटिमीटरची १:४ धरतात. खऱ्या वाद्याची लांबी या आकड्यानं भागली की हवं ते माप मिळतं.

१:६ साठी हिशोब असा. व्हायोलिन सुमारे ६० सेंटिमीटर लांब असतं, म्हणजे छोटं १० सेंटिमीटरचं. त्याचा गज व्हायोलिनपेक्षा लांब असतो, तो साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास हवा. शोभेच्या व्हायोलिनसोबत येणारा गज हटकून आखूड असतो, म्हणून हे माप लक्षात ठेवा. गिटार १६ ते १७, चेलो २०, आडवी बासरी ११, ट्रम्पेट ८. डबल बास मात्र ३० सेंटिमीटरच्या घरात जातो, बाहुलीपेक्षाही उंच, आणि तो तसाच दिसायला हवा.

ज्या बाहुल्यांचं डोकं मुद्दाम मोठं केलेलं असतं, उदाहरणार्थ १९७२ साली आलेली ब्लाइथ, त्यांच्या बाबतीत उंचीवरून काढलेलं माप फसवं ठरतं. तिथे हाताची लांबी बघा. संगीतशिक्षक विद्यार्थ्याला व्हायोलिन निवडून देताना डावा हात सरळ पुढे करायला लावतात आणि वाद्याचं टोक तळहातात येतं का ते बघतात. हीच चाचणी बाहुलीवर करायची. टोक मनगटापाशी थांबलं तरी चालेल, कारण मुलांसाठी पाऊण आणि अर्ध्या मापाची व्हायोलिनं खरंच असतात आणि डोळा तो फरक सहज मान्य करतो. टोक बोटांच्या पुढे गेलं, तर मात्र वाद्य उसनं आणल्यासारखं दिसतं.

कुठलं वाद्य निवडायचं

बाहुलीचे सांधे किती वळतात यावर हे ठरवा. बार्बीच्या ‘मेड टू मूव्ह’ प्रकारात २२ सांधे आहेत. कोपर, मनगट, गुडघा सगळं वळतं, त्यामुळे तिला बरंच काही जमतं. पण बाहुली कडक असली म्हणून छंद सोडायची गरज नाही. गुडघे वळत नसतील तर डबल बास द्या, तो उभ्यानंच वाजवतात. बोटं एकत्र जोडलेली असतील तर पियानो द्या. बाजूनं फोटो काढला की बोटांचा कस लागत नाही, मनगट आणि पाठ यांवरच सगळं चालतं. गुडघे वळत असतील तर सुरुवातीला माझी पसंती चेलोला. त्याचा भार खालच्या दांडीवरून जमिनीवर जातो, वाद्य दोन गुडघ्यांच्या मध्ये अडकतं आणि हातांना फक्त टेकायचं काम उरतं. व्हायोलिन आणि बासरी दिसायला नाजूक, पण बसवायला सगळ्यात अवघड. ती नंतरसाठी ठेवा.

विकत मिळणाऱ्या छोट्या वाद्यांची एक उजळणी फोटोआधी कराच. व्हायोलिन आणि चेलोला चार तारा, गिटारला सहसा सहा. व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारा छोटा पूल, दोन्ही बाजूंच्या वळणदार छिद्रांच्या मधोमध उभी असते. ती सरकलेली असेल तर चिमट्यानं जागेवर आणा. पियानोच्या काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. स्वस्त पियानोवर त्या सरसकट समान अंतरावर छापलेल्या आढळतात. वाजवणाऱ्या माणसाला ही चूक पहिल्याच नजरेत खुपते. पट्ट्यांचा फोटो योग्य मापात छापून वर चिकटवला की प्रश्न मिटतो. खरा पट्टीफलक सव्वा मीटरच्या जवळपास रुंद असतो, तेव्हा १:६ साठी छापील पट्टी साधारण २० सेंटिमीटरची होते.

तारांकडे खास लक्ष द्या. गिटारची सगळ्यात जाड तारही जेमतेम एक मिलिमीटरची असते. १:६ मध्ये ती शिवणाच्या दोऱ्याहून बारीक व्हायला हवी. कारखान्यातून आलेल्या वाद्यांवर मात्र सुतळी ताणल्यासारखे जाड दोरे असतात. ते काढून सगळ्यात बारीक तंगूस किंवा भरतकामाच्या जरीचा एक सुटा धागा ताणला, तर वाद्याचं रूप पालटतं. या एका बदलाइतका परिणाम दुसऱ्या कशानंच होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पकड

आता मुख्य काम. ज्या वाद्याचा फोटो काढायचा आहे ते वाजवणाऱ्या कलाकारांचे चार-दोन व्हिडिओ आवाज बंद करून बघा. सूर ऐकू येत नसले की नजर आपोआप कोपरावर, मानेवर, पाठीच्या कण्यावर जाते. एखादा क्षण आवडला की तिथे थांबवा आणि त्याकडे बघत बाहुली बसवा.

व्हायोलिनचं उदाहरण सविस्तर घेऊ, कारण त्यात सगळ्या अडचणी एकदम येतात. पायांपासून सुरुवात करा. दोन्ही पायांवर सारखा भार टाकलेली बाहुली खांबासारखी दिसते. एक गुडघा किंचित वाकवा, कंबर दुसऱ्या बाजूला सरकवा, म्हणजे भार एका पायावर येतो. मग कणा आणि खांदे. त्यानंतर वाद्य डाव्या खांद्यावर, कंठाच्या हाडाला टेकवून ठेवा. पुढचं टोक खाली झुकू देऊ नका, वाद्य जमिनीला जवळपास समांतर हवं. मग डोकं डावीकडे वळवून हनुवटी वाद्यावर टेकवा. हनुवटी आणि लाकूड यांत फट राहिली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. मान तेवढी झुकत नसेल तर वाद्याच्या खाली, खांद्यावर कापसाची छोटी घडी ठेवून वाद्यच वर आणा.

डाव्या हाताचं कोपर वाद्याच्या खाली आत आणा. ते बाहेर पसरलेलं असलं की हात उसना वाटतो. वाद्याची मान अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात बसते. तिथे पुन्हा वापरता येणाऱ्या चिकट पुट्टीचा मोहरीएवढा गोळा दाबला की पकड टिकते. उजव्या हातात गजाचं जाड टोक, आणि गज घोडी व डाव्या हाताची बोटं फिरतात ती मानेवरची काळी पट्टी यांच्या मधल्या भागात तारांना काटकोनात टेकलेला. हा काटकोन काटेकोर पाळा. तिरका गज फोटोत लगेच ओरडतो.

गज तारांवर टिकवायला एका छोट्या युक्तीची गरज लागते. घोडीच्या जवळ तारांवर पारदर्शक गोंदाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवायचा, असा गोंद जो नंतर रबरासारखा ओढून काढता येतो. उजवं मनगट जड होऊन खाली येत असेल तर बारीक तंगूस मनगटाभोवती गुंडाळून वर एखाद्या आडव्या काठीला बांधा. फोटोत ती दिसलीच तर नंतर पुसता येते.

आता क्षण निवडा. गज टोकापर्यंत पोचला असेल तर उजवं कोपर उघडं आणि हात लांब, गज नुकताच सुरू झाला असेल तर मनगट चेहऱ्याच्या जवळ. पहिल्यात सूर संपत आल्याची भावना येते, दुसऱ्यात जोर. गज तारांच्या अगदी थोडा वर, डोळे मिटलेले किंवा खाली, म्हणजे वादन सुरू होण्याआधीचा श्वास. गज अधांतरी ठेवायचा असेल तर तो असा ठरवून ठेवा, आणि मग खांदेही किंचित उचलून घ्या, कारण वादक तेव्हा खरंच श्वास आत घेतो.

चेहरा बदलता येत नाही, पण डोक्याचा कोन बदलता येतो. त्याच हसऱ्या चेहऱ्याची मान खाली घातली की तो एकाग्र वाटतो, वर उचलली की उत्कट. नजर तारांकडे, स्वरलिपीच्या कागदाकडे किंवा सोबतच्या वादकाकडे जाऊ द्या. दोन बाहुल्या असतील तर दुसरीनं पहिलीच्या गजाकडे बघणं हे फार सुंदर दिसतं. साथ करणारा माणूस असाच इशाऱ्याची वाट बघत असतो.

इतर वाद्यांबद्दल थोडक्यात. आडवी बासरी वादकाच्या उजव्या बाजूला जाते. चेलोची मान डाव्या कानाजवळून वर जाते. ट्रम्पेटचा भार डाव्या हातावर आणि उजव्या हाताची बोटं कळांवर. सॅक्सोफोनवर डावा हात वर, उजवा खाली, आणि गळ्यातला पट्टा ताणलेला दिसला पाहिजे. हार्प उजव्या खांद्यावर टेकते. ग्रँड पियानोचं झाकण वादकाच्या उजव्या हाताला उघडतं, म्हणून कॅमेराही त्या बाजूला ठेवावा. एवढं सांगण्याचं कारण म्हणजे पुष्कळ जण रचना बरी दिसते म्हणून संपादन करताना फोटो आडवा उलटा करतात. त्यात व्हायोलिन उजव्या खांद्यावर जातं आणि पियानोचं झाकण भलतीकडे उघडतं. वाद्य असलेला फोटो कधीच उलटवू नये.

भोवतालची जागा

इथेही मापाचाच हिशोब. खुर्चीची बैठक साडेसात सेंटिमीटर उंच, स्वरलिपीचा स्टँड १८ च्या आसपास, पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून १२ वर. स्वरलिपीचा ए-४ कागद १:६ मध्ये पाच बाय साडेतीन सेंटिमीटरचा होतो. छापताना प्रमाण १७ टक्के ठेवलं की झालं. साधा कागद या मापात पुठ्ठ्यासारखा ताठ दिसतो. पातळ कागद घ्या, पेन्सिलीवर हलकेच गुंडाळून कोपरे वळवा.

कापडाचं विणकाम बारीक हवं. जाड विणीचा गालिचा बाहुलीच्या पायाखाली दोरखंडांचा वाटतो. मखमलीपेक्षा पातळ सुती किंवा रेशमी कापड बरं. झग्याची घडी हवी तशी पडत नसेल तर काठाच्या दुमडीत बारीक तार ओवा, म्हणजे वादनाच्या ओघात कपडा हलल्याचा भास आणता येतो. मागची भिंत बाहुलीपासून निदान ४० सेंटिमीटर दूर ठेवा. चिकटून ठेवलेली पार्श्वभूमी सावल्या पकडते आणि आपलं माप उघड करते.

सामान कमी ठेवा. उघडी वाद्यपेटी, खुर्चीवर टाकलेली शाल, एवढं पुरतं.

उजेड

उजेड मऊ पडतो की कडक, हे त्याचा उगम वस्तूच्या मानानं किती मोठा आहे यावर ठरतं. माणसाला साधारण वाटणारी एक मीटरची खिडकी १:६ च्या बाहुलीसाठी सहा मीटरची भिंत आहे. तिच्या समोर बाहुली ठेवली की सगळीकडून सपाट उजेड येतो आणि वाद्याची गोलाई मरते. म्हणून खिडकी एका बाजूला येऊ द्या आणि पुठ्ठ्यानं अर्धी झाका. दुसऱ्या बाजूला काळा कागद उभा केला तर गालावर आणि वाद्याच्या कडेवर छान सावली उतरते. पांढरा कागद ठेवला तर ती सावली हलकी होते. मैफलीचं वातावरण हवं असेल तर छोटा टॉर्च पुरतो. बाहुलीसाठी तो मंचावरच्या दिव्याएवढाच आहे. समोर ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरला की त्याची धार कमी होते.

पॉलिश केलेलं लाकूड आणि पितळ यांचं तंत्र वेगळं. ही पृष्ठं आरशासारखी वागतात. समोर जे असेल ते त्यांत दिसतं. व्हायोलिनच्या पोटावर एखादा पांढरा डाग चमकत असेल तर दिवा मंद करून उपयोग नाही, दिव्याची जागा बदलायला हवी. उलट, मोठा पांढरा कागद अशा कोनात धरा की त्याचंच प्रतिबिंब वाद्याच्या वळणावर पडेल. लाकडावर एक लांब, स्वच्छ, मऊ झळाळी उतरते आणि वाद्याचा घाट उठून दिसतो. कागद हळूहळू फिरवत कॅमेऱ्यातूनच बघत राहा, जागा सापडते. ट्रम्पेटच्या तोंडात मात्र कॅमेरा आणि तुमचे हात दोन्ही दिसतात. त्यासाठी सगळ्या बाजूंनी पांढरे कागद उभे करून फक्त लेन्सपुरती फट ठेवावी.

दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आणू नका. प्लास्टिकच्या त्वचेवर त्याचे ठिगळासारखे पट्टे दिसतात.

कॅमेरा

कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. उभ्यानं, वरून खाली काढलेल्या फोटोत ती खेळणंच राहते. २९ सेंटिमीटरच्या बाहुलीसाठी लेन्स टेबलापासून सुमारे २६-२७ सेंटिमीटरवर येते. बसलेली असेल तर आणखी खाली.

अंतरही सहानं भागा. माणसाचा फोटो तीन मीटरवरून काढला असता, तर इथे ५० सेंटिमीटर. मोबाइल १५ सेंटिमीटरवर नेला की तो माणसाच्या तोंडापासून ९० सेंटिमीटरवर नेल्यासारखा होतो. वर मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची. मग गिटारचं टोक प्रचंड आणि चेहरा चिमुकला दिसतो. मागे सरका आणि दोन किंवा तीन पट झूमची स्वतंत्र लेन्स असेल तर ती वापरा. जवळ गेल्यावर काही मोबाइल न सांगता रुंद लेन्सच्या मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळून टिपण्याच्या सोयीवर, जातात, ती सोय बंद करा. पोर्ट्रेट मोडही नको. तो गजाची कड आणि तारा पार्श्वभूमीसोबत पुसून टाकतो.

मोठा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र बारीक करा. ते ‘एफ’च्या आकड्यानं मोजतात, आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ मिलिमीटरची लेन्स, ८० सेंटिमीटर अंतर आणि एफ २ असेल, तर जेमतेम एक सेंटिमीटर खोलीपुरतंच सगळं स्पष्ट येतं. डोळे स्पष्ट, हात धूसर. शिवाय इतकी कमी खोली बघितली की डोळ्याला लगेच कळतं, वस्तू छोटी आहे. एफ ११ वर हीच खोली पाच सेंटिमीटरच्या आसपास जाते. एफ १६ च्या पुढे मात्र एकूण चित्रच थोडं मऊ पडू लागतं. छिद्र बारीक केल्यानं शटर मंद होतं, म्हणून ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर हवाच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १०० किंवा २०० ठेवा. बाहुली हलत नाही, ही आपली सगळ्यात मोठी सोय आहे.

व्हायोलिनच्या फोटोत एक पेच कायम येतो. वाद्य आणि गज काटकोनात असतात, त्यामुळे समोरच्या उंचीवरून दोन्ही एकदम पूर्ण लांबीनं दिसूच शकत नाहीत. वादकाच्या डाव्या-पुढच्या बाजूनं बघितलं तर गज पूर्ण दिसतो, चेहरा समोर येतो, पण वाद्याचं टोक लेन्सवर रोखलेलं. उजव्या-पुढच्या बाजूनं वाद्य पूर्ण दिसतं, गज आखडतो आणि चेहऱ्याची एकच बाजू मिळते. मला सरळ समोरून, डोळ्यांच्या रेषेपेक्षा किंचित वरून घेतलेला कोन आवडतो. तिथे दोघांचा छेद नीट वाचता येतो आणि चेहराही तीन-चतुर्थांश मिळतो. वाद्याचं टोक पुढे येत असल्यामुळे तिथे, घोडीवर आणि डोळ्यावर असा वेगवेगळा फोकस करून तीन फोटो घ्या आणि नंतर संगणकावर एकत्र जोडा. एकच फोटो घ्यायचा असेल तर फोकस डोळ्यावर.

शटर दाबण्याआधी धूळ बघा. या अंतरावर कपड्यावरचा एक तंतू दोरीएवढा दिसतो. फुंकर मारायचा रबरी ब्लोअर आणि मऊ कुंचला हाताशी ठेवा, आणि पॉलिश केलेल्या लाकडावरचे बोटांचे ठसे पुसून घ्या.

गजाला गती द्यायची हौस असेल तर शटर अर्धा सेकंद ठेवा. गजाच्या टोकाला तंगूस बांधा आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाला तरी तो हळूच ओढायला सांगा. गोंदाचा ठिपका त्याआधी काढायचा. गज हातात सैल हवा, नाहीतर मनगटही हलतं.

शेवटी, कॅमेरा जराही न हलवता बाहुली आणि आधाराचं सामान बाजूला काढून नुसत्या जागेचा एक फोटो घ्या. टेकू, दोरे, स्टँड पुसताना हा रिकाम्या जागेचा फोटो खालच्या थरात ठेवून वरच्या फोटोतलं नको ते खोडता येतं. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होतं. संपादनात याहून फार काही करू नये. रंग समतोल, थोडी कडांची छाटणी, आणि त्वचेचा रंग प्लास्टिकी चमकत असेल तर उजळ भाग किंचित खाली.

आवराआवर

काम झालं की बाहुलीला वाद्यासकट तसंच शेल्फवर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. पुट्टी जास्त वेळ राहिली तर कापडावर आणि न रंगवलेल्या लाकडावर तेलकट डाग सोडते. रबरबँड व्हिनाइलवर खूण उमटवतात, गडद कपड्यांचा रंग त्वचेत उतरतो. रेझिनच्या बाहुलीचा चेहरा हातानं रंगवलेला असतो आणि हनुवटीखाली घासणारी धातूची तार तो रंग खरवडते, म्हणून तिथे फोटो काढतानाही पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवावा. गज वेगळा करून सपाट ठेवा, तारांवरचा गोंद काढा आणि सांध्यांवर ताण येणार नाही अशा साध्या स्थितीत बाहुली परत बसवा. बसवलेल्या पकडीचा मोबाइलवर मागून आणि बाजूनं एकेक फोटो मात्र काढून ठेवा. पुढच्या वेळी तीच बैठक पुन्हा उभी करताना पुट्टी कुठे होती आणि दोरा कुठून गेला होता, हे त्यात दिसतं.